शिंदीचे मडके, ब्रुसेल्सचे पिंप आणि न लागलेली पाटी

१/ ब्रुसेल्समधील आंदरलेख्त या भागात एका जुन्या इमारतीच्या माळ्यावर तांब्याचे एक रुंद, उथळ पात्र आहे. थंडीच्या दिवसांत जव आणि गव्हाचा उकळता रस त्यात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेत, तुळयांवर आणि भिंतींवर वसलेले सूक्ष्मजीव रसात उतरतात आणि तो आंबू लागतो. दारावर घराण्याचे नाव आहे: कांतियों. स्थापना १९००.

२/ आता हिंगोली जिल्हा. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाला संध्याकाळी मडके बांधले की रात्रभर त्यात गोड रस ठिबकत राहतो. ऊन चढू लागताच तो फसफसतो. इथेही यीस्ट कोणी घालत नाही. तत्त्व तेच. मात्र या कामात पिढ्यान्‌पिढ्या घालवलेल्या घरांच्या नावाची पाटी इथे लागली नाही.

३/ असे का झाले? “आपल्याकडे परंपरा जपतच नाहीत” हे तयार उत्तर आहे, आणि ते चुकीचे आहे. खरे उत्तर महसुलाच्या वहीत सापडते. पेय कोणाच्या नावावर नोंदले गेले, यावर त्याचा पुढे ‘वारसा’ होणार की ‘गुन्हा’, हे बऱ्याच अंशी ठरते. हा थ्रेड त्या वहीविषयी.

४/ प्रथम ब्रुसेल्स. तिथल्या या पेयाला लाम्बिक म्हणतात. सुमारे दोन भाग मोड आणून वाळवलेले जव, एक भाग कच्चा गहू आणि मुद्दाम जुनी होऊ दिलेली हॉप्सची फुले, एवढीच सामग्री. काम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच चालते. उन्हाळ्याच्या हवेत नको असलेले जीवाणू फार असतात.

५/ पात्रातला रस सकाळी लाकडी पिंपांत भरतात. तिथे तो एक ते तीन वर्षे मुरतो. एक, दोन आणि तीन वर्षांचे लाम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबू दिले की त्याला ग्यूझ म्हणतात. आंबट चेरी घालून मुरवले तर ते क्रीक. या पेयांना विशिष्ट वास देणाऱ्या यीस्टच्या जातीच्या शास्त्रीय नावातच ब्रुसेल्स आहे: ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस.

६/ कांतियों घराण्यात कोळ्यांची जाळी झाडत नाहीत. फळांवर आणि पिंपांवर घोंगावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात आणि औषध फवारावे लागत नाही. जुनी भिंत, जुने पिंप आणि जुने जाळे हा या व्यवसायातला कचरा नाही. ते भांडवल आहे. म्हणूनच एकच वास्तू आणि एकच कुटुंब दीर्घकाळ टिकणे याला इथे भावनिक मोलाइतकेच तांत्रिक मोलही आहे.

७/ घराण्याचा इतिहास साधा आहे. १९०० मध्ये पॉल कांतियों यांनी व्यवसाय सुरू केला. आरंभी दुसऱ्यांकडचे लाम्बिक घेऊन ते मिसळण्याचे व विकण्याचे काम होते. १९३७ मध्ये बिऱ्हाड सध्याच्या जागी आले आणि पुढे स्वतःचे उत्पादन सुरू झाले. मुलगे रोबेर व मार्सेल, मग मार्सेल यांचे जावई झाँ-पिएर व्हान रॉय, मग त्यांचा मुलगा झाँ व्हान रॉय, अशी ही परंपरा चालत आली.

८/ हे टिकणे आपोआप घडलेले नाही. १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये तीन हजारांहून अधिक बिअर-कारखाने होते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने कारखान्यांची तांब्याची भांडी उतरवून नेली. पुढे कारखानी लागर बिअर आणि गोड पेये यांनी बाजार व्यापला. ब्रुसेल्समधील बहुतेक जुनी घरे बुडाली. १९७८ मध्ये कांतियों यांनी आपल्या चालत्या कारखान्यालाच संग्रहालय केले.

९/ मग कायदा मदतीला आला. लाम्बिक आणि ग्यूझ कशाला म्हणावे, याची व्याख्या १९६५ च्या राजाज्ञेने केली. १९९७ मध्ये युरोपीय संघाने पारंपरिक वैशिष्ट्य म्हणून या नावांना संरक्षण दिले. २०१६ मध्ये बेल्जियमची बिअर-संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. म्हणजे कुटुंबाची चिकाटी आणि राज्यसंस्थेची अनुकूलता, अशा दोन खांबांवर ती पाटी उभी आहे.

१०/ आता शिंदी. मराठीत झाड आणि पेय या दोहोंना हाच शब्द आहे. हे झाड म्हणजे खजुराचे रानटी भावंड. मराठवाड्यात ओढे, नाले आणि शेताच्या बांधांवर ते वाढते. त्याच्या पानांच्या केरसुण्या होतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पूजली जाते. त्या केरसुण्या बांधणारी मातंग कुटुंबे आजही या व्यवसायात दिसतात. घरातली लक्ष्मी आणि गुत्त्यावरचा पेला एकाच झाडाचे.

११/ रस काढण्याचे कौशल्य डोळ्यांत भरणारे नाही, पण मोठे आहे. शेंड्याखालच्या कोवळ्या भागाला नेमका छेद द्यावा लागतो. उथळ गेला तर रस येत नाही, खोल गेला तर झाड मरते. एका हंगामात एका बाजूला छेद दिला की पुढच्या हंगामात दुसरी बाजू धरतात. हंगाम मुख्यतः थंडीचा, लाम्बिकसारखाच. बुंध्यावर राहिलेल्या या खाचांवरून झाडाने किती हंगाम रस दिला, हे जाणकाराला कळते.

१२/ मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाते. तो गोड रस म्हणजे नीरा. चुना नसलेल्या, रोजच्या वापरातल्या मडक्याच्या अंगात आदल्या दिवसाचे सूक्ष्मजीव मुरलेले असतात. नवा रस पडताच ते कामाला लागतात. ब्रुसेल्सच्या पिंपाचे आणि हिंगोलीच्या मडक्याचे हे साम्य अलंकारिक नाही. दोन्हीकडे जुने भांडेच विरजण आहे.

१३/ इथे एक आक्षेप रास्त आहे. लाम्बिक तीन वर्षे मुरते, शिंदी मात्र संध्याकाळपर्यंत आंबट होते आणि पुढे तिचा सिरका होतो. साठवता न येणाऱ्या वस्तूचे घराणे कसे उभे राहणार? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धेच सांगतो. दूधही नासते. तरी पेढ्यांच्या आणि दुधाच्या कितीतरी दुकानांवर तीन-तीन पिढ्यांची नावे आहेत. नासणाऱ्या मालामुळे बाटली बनली नाही, हे पटते. नावही का बनले नाही, हे त्यातून कळत नाही.

१४/ त्यासाठी राज्याकडे पाहावे लागते. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींमध्ये आबकारी होती, आणि आबकारीत शिंदी-ताडीच्या झाडांना मोठे स्थान होते.

१५/ हैदराबादचा आबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असले तरी त्याचा रस काढायला परवाना हवा. विकायला परवाना हवा. विक्रीचा हक्क हर्रास करून मक्त्याने दिला जाई. सर्वांत मोठी बोली लावील त्याला दुकान. झाडावर चढणारा त्या व्यवहारात मजूर म्हणून येत असे.

१६/ मराठवाड्याच्या बोलीने ही व्यवस्था जपून ठेवली आहे. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. म्हणूनच आजही बांधकामाच्या ठेकेदाराला इथे ‘गुत्तेदार’ म्हणतात. दारूच्या दुकानालाही ‘गुत्ता’ म्हणतात. त्या दुकानाचे नाव पेयावरून पडले नाही, करणाऱ्यावरूनही पडले नाही. ते ठेक्यावरून पडले. एका शब्दात शंभर वर्षांचा अर्थव्यवहार उतरला आहे.

१७/ याचा परिणाम दूरगामी आहे. हर्रास पुन्हा झाली की गुत्तेदार बदलू शकतो. ज्याचे नाव कागदावर आहे, त्याला झाडाचे ज्ञान असण्याची गरज नाही. ज्याला झाडाचे ज्ञान आहे, त्याचे नाव कागदावर येत नाही. कांतियों घराण्याने कर स्वतःच्या नावाने भरला, वास्तू आणि पिंपे स्वतःची ठेवली, माल स्वतःच्या नावाने विकला. शिंदी उतरवणाऱ्याला यांपैकी काहीच करता येण्याजोगे नव्हते.

१८/ ब्रिटिश मुलूखही वेगळा नव्हता. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने गावोगावचे घरगुती गाळप बंद करून ठरावीक गाळपघरांकडे वळवले आणि ताडी-माडीच्या झाडांवर कर वाढवला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले जवळ बाळगणेही निर्बंधाखाली आले. आदिवासी घराचे अन्न, गुरांचा चारा आणि सणाचे पेय एकाच वेळी संशयाच्या यादीत गेले.

१९/ म्हणून दारूला झालेला सारा विरोध परकीय सत्तेचा होता, असे मुळीच नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. दोघांचाही रोख सरकारवर होता: महसुलासाठी व्यसन पोसले जात आहे. हा आरोप खरा होता.

२०/ हैदराबाद संस्थानात या आरोपाने सर्वांत टोकाचे रूप घेतले. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमात लेव्ही नाकारणे, जंगल सत्याग्रह, करोडगिरी नाक्यांवर हल्ले यांबरोबर आणखी एक कलम होते: शिंदीची झाडे तोडणे. प्रत्येक झाड म्हणजे निजामाच्या तिजोरीत जाणारी धार. ती धार तोडायची तर झाडच तोडायचे.

२१/ कुऱ्हाड चालवणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता आणि धोका जिवाचा होता. त्या लढ्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. राज्याने झाडाला करपात्र वस्तू मानले होते. लढ्यानेही त्याला करपात्र वस्तू म्हणूनच तोडले. त्या झाडावर ज्याचे पोट होते, तो माणूस दोन्ही बाजूंच्या हिशेबात नव्हता.

२२/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि पुढे तो मराठवाड्यालाही लागू झाला. त्या कायद्याच्या चौकटीत गाळलेली तीव्र दारू आणि झाडावरून उतरवलेली सौम्य शिंदी ही दोन्ही मादक द्रव्ये ठरली. नीरेलाही परवाना लागला, कारण सकाळची नीरा दुपारी काय होते हे सर्वांना ठाऊक होते.

२३/ इथे बेल्जियमशी तुलना बोधप्रद आहे. दारूच्या दुष्परिणामांची चिंता तिथेही होती. समाजवादी मंत्री एमिल व्हान्दरवेल्द यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९१९ च्या कायद्याने सार्वजनिक पेयगृहांत तीव्र मद्य विकण्यास बंदी घातली. ती १९८३ पर्यंत टिकली. मात्र त्या कायद्याने बिअरला वगळले. तीव्र आणि सौम्य यांत राज्याने भेद केला. लाम्बिकची घरे त्या भेदाच्या आडोशाने जगली.

२४/ महाराष्ट्रात पुढे बंदी सैल झाली, पण लाभ झाडाला मिळाला नाही. १९७३ च्या नियमांनी ‘देशी दारू’ची चौकट ठरवली. आज या नावाने विकली जाते ती मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून बनलेल्या मद्यार्काची, कारखान्यात बाटलीबंद झालेली दारू. ‘देशी’ हे विशेषण उरले. ज्या फुलांशी, झाडांशी आणि हातांशी ते जोडलेले होते, ते गळून पडले.

२५/ मराठी परिसरातच उलट उदाहरणही आहे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस नैसर्गिकरीत्या आंबवून भट्टीवर गाळतात. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्या लहान भट्ट्या कायद्याच्या आत राहिल्या, म्हणून मानांकन देताना दाखवायला करणारी माणसे आणि त्यांची कृती शिल्लक होती. मानांकन नंतर आले, कायदेशीर अस्तित्व आधी होते.

२६/ तर मग शिंदीचे गुत्ते पुन्हा उघडावेत काय? हा निष्कर्ष घाईचा ठरेल. दारूने मोडलेल्या संसारांचा इतिहासही याच जिल्ह्यांचा आहे. महाराष्ट्रातील बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानातून गावोगावची दुकाने बंद पाडली. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान हटते. सामान्य स्त्रियांनी मतपत्रिकेने मिळवलेला हा अधिकार राज्याच्या सामाजिक इतिहासातले ठळक पान आहे.

२७/ वारशाच्या नावाखाली ते पान झाकता येणार नाही. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी घातक रसायने मिसळल्याची प्रकरणे राज्यात वारंवार उघड झाली आहेत. झाडाचा रस कमी आणि मागणी जास्त झाली की पावडर येते. ब्रुसेल्सच्या माळ्याचे छायाचित्र पाहून हळहळणाऱ्याने हेही डोळ्यांआड करू नये.

२८/ पण इतिहासलेखन म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. एखाद्या व्यवसायाची नोंद करणे आणि त्याचा प्रसार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हिंगोली म्हटले की औंढा नागनाथ आठवते, नरसी नामदेव आठवते, ब्रिटिशकालीन छावणी आठवते. हे सारे आठवलेच पाहिजे. प्रश्न इतकाच की श्रमाचा इतिहास त्या यादीत कधी येणार. झाडावर चढणे, मडके घडवणे, केरसुणी बांधणे हीदेखील ज्ञानपरंपरा आहे.

२९/ ती नोंदवायला वेळ फार उरलेला नाही. आबकारीच्या हर्रासांचे उर्दू-मराठी कागद, जमिनीच्या उताऱ्यांवरील झाडांच्या नोंदी, जुने कोयते आणि मडकी आणि त्याहून अधिक म्हणजे वृद्धांच्या आठवणी. कागद एकवेळ दप्तरखान्यात टिकतील. कोणत्या बाजूने छेद द्यायचा, हे ज्याच्या हाताला माहीत आहे त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाईल.

३०/ तरुण अभ्यासकांसाठी हे काम आवाक्यातले आहे. त्याला किल्ल्याची मोहीम लागत नाही, मोडीचे प्रावीण्यही पहिल्याच दिवशी लागत नाही. गावातल्या पारावर बसून एक प्रश्न विचारावा लागतो. गुत्ता कोणाचा होता, हे बहुतेक म्हाताऱ्यांना नावानिशी आठवते. पुढचा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारलेला नसतो: झाडावर कोण चढत असे?

३१/ त्या प्रश्नाला मिळणारे नाव लिहून ठेवले, तर शंभर वर्षे उशिरा का होईना, एक पाटी लागेल.